माडीवर वायफाय चढत नाही

सप्रेम नमस्कार.

आमचं घर वाईला, जुन्या बांधणीचं. खाली ओसरी आणि माजघर, भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. वर माडी. दोन वर्षांपूर्वी मुलगा आणि सून पुण्याचा फ्लॅट सोडून इकडे आले. दोघंही माडीवर बसून ऑफिसचं काम करतात. वायफायचा डबा ओसरीवर टीव्हीशेजारी आहे. खाली सगळं छान चालतं, पण माडीवर मुलाची मीटिंग सुरू झाली की आवाज तुटतो, चित्र गोठतं. मग तो लॅपटॉप घेऊन जिन्यात येऊन बसतो. परवा त्याच्या साहेबांना आमचा मिक्सर ऐकू गेला.

केबलवाला म्हणतो, ५० चा प्लॅन सोडा, २०० चा घ्या. दुकानदार म्हणतो, सहा अँटेनांचा राउटर घ्या, साडेसात हजार पडतील. सून म्हणते, मेश घेऊ. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. त्यांचं म्हणणं, या डब्याच्या लहरींनी डोकं दुखतं, रात्री बंद करत जा. आमचा जुना लँडलाइन नंबरही हल्ली याच डब्यातून चालतो, त्यामुळे दिवे गेले की फोनही गेला. मला यातलं एवढंच कळतं की डब्यावर धूळ बसू नये, म्हणून मी त्याला क्रोशाचं झाकण विणून घातलंय. नेमकं काय घ्यावं?

— एक वाचक, वाई

ताई,

आधी ते क्रोशाचं झाकण काढा. राग मानू नका. डब्याच्या अंगाला ज्या बारीक फटी असतात त्या आतली उष्णता बाहेर पडायला ठेवलेल्या असतात, आणि तुम्ही त्याला ऐन उन्हाळ्यात स्वेटर घातलाय. तापलेला डबा ढिला पडतो, कधी आपणहून बंद होऊन पुन्हा चालू होतो. धूळ आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशनं झटकली की पुरे. झाकण मिक्सरला घाला.

आता खरेदीचं. केबलवाल्यानं प्लॅन सांगितला, दुकानदारानं राउटर सांगितला. ज्याच्याकडे जे विकायला आहे ते त्यानं सांगितलं. (सुनेचं तसं नाही, तिनं चार ठिकाणी वाचून सांगितलंय. तिच्याकडे येतेच.) पण अडतंय कुठे हे यातल्या कुणी येऊन पाहिलेलं दिसत नाही. तुमच्या पत्रात मात्र अर्धं उत्तर आहे: खाली सगळं छान चालतं. म्हणजे रस्त्यावरून घरात येणारी लाइन बहुधा ठीक आहे आणि गडबड ओसरी ते माडी या वीस-पंचवीस फुटांत आहे. तरी नुसत्या 'बहुधा'वर पैसे घालू नयेत. एक दिवस तपासून घ्या.

तुम्ही ज्याला डबा म्हणता त्यात दोन बिऱ्हाडं राहतात. एकाचं काम बाहेरून काचेच्या तारेतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या संदेशात रूपांतर करायचं. लाइनमन त्याला ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर इंटरनेट यायचं तेव्हा त्या जागी मोडेम असायचा. दुसऱ्याचं काम घरातल्या फोन-लॅपटॉपना ते वाटून द्यायचं, तो राउटर. दुकानदाराचा सहा अँटेनावाला फक्त दुसऱ्याची जागा घेईल. पहिला तसाच राहणार. त्यामुळे तक्रार कोणत्या बिऱ्हाडाची आहे हे कळल्याशिवाय घरमालकानं भांडायला जाऊ नये.

मुलाला सांगा, एक दिवस ओसरीवर बस आणि लॅपटॉप लॅनच्या वायरनं (घरातली यंत्रं एकमेकांना जोडणारी इंटरनेटची वायर) थेट डब्याला जोडून मीटिंग कर. ती सुरळीत झाली तर लाइन निर्दोष. आणखी पक्कं हवं असेल तर लॅपटॉपवरची 'पिंग' ही आज्ञा त्याला ठाऊक असणार; ती समोरच्याला हाक मारते आणि उत्तर किती वेळात आलं ते दाखवते. दोन खिडक्या उघडायच्या. एकीत घरच्या डब्याचा पत्ता टाकायचा (बऱ्याच जणांचा १९२.१६८.१.१ असतो, तळाच्या स्टिकरवर मिळेल), दुसरीत बाहेरची एखादी साइट, आणि लॅपटॉप माडीवर नेऊन दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. घरच्या डब्याचंच उत्तर रेंगाळत आलं, मधूनमधून आलंच नाही, तर दोष तुमच्या भिंतींचा. घरचा डबा दोन-चार मिलिसेकंदांत बोलतोय आणि बाहेरची साइट गप्प, तर दोष लाइनीचा. मग केबलवाल्याला जरूर बोलवा, पण लाइन बघायला, प्लॅन वाढवायला नाही.

तो आला तर त्याच्या खिशातल्या, तारेतला प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरवर काय आकडा आला ते विचारून घ्या. आकडा उणे असतो. उणे २० च्या आसपास असेल तर छान. उणे २७ च्या पलीकडे घसरला असेल तर कुठेतरी जोड बिघडलाय किंवा तार वाकलीय. त्या पांढऱ्या-काळ्या वायरच्या पोटात केसाएवढी बारीक काच असते. जास्तीची वायर खिळ्याला घट्ट गुंडाळून ठेवली, दाराच्या फटीत चेपली, की प्रकाश वळणावरच बाहेर गळतो. गुंडाळी करायचीच तर वाटीएवढी मोठी, सैल.

दोनशेच्या प्लॅनचा हिशेब तोंडी होतो. चांगल्या चित्रासकट मीटिंगला ३-४ एमबीपीएस लागतात (प्लॅनचे ५० आणि २०० हे याच वेगाच्या मापातले). मुलाची एक, सुनेची एक, खाली टीव्हीवर मालिका चालू असेल तर तिचे ५, तुमच्या फोनवर कीर्तन लागलं असेल तर आणखी एक-दोन. सगळं मिळून पंधराच्या घरात. पन्नासातले पस्तीस आत्ताच रिकामे फिरतायत. टाकीत पाणी भरपूर आहे, माडीवरच्या नळाला येत नाही. टाकी मोठी करून काय होणार? एक अपवाद सांगते. काही प्लॅनमध्ये डाउनलोड ऐटीत असतो आणि अपलोड अगदी बेताचा. एखाद्याच्या फोनमधून लग्नाचे दोन हजार फोटो क्लाउडवर चढायला लागले की तेवढा वेळ सगळ्या घराच्या मीटिंगा अडखळतात. फोटोंचा बॅकअप मीटिंगा संपल्यावर, संध्याकाळी करा. आणि ५० एमबीपीएसवर फाइल उतरवताना लॅपटॉप ६ दाखवतो म्हणून केबलवाल्याशी वाद घालू नका. प्लॅन बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि एका बाइटमध्ये ८ बिट.

आता भिंतीकडे. वायफाय म्हणजे रेडिओच्याच लहरी. तुमचा डबा बहुधा दोन पट्ट्यांवर बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला चपळ, पण भिंत आडवी आली की दमतो. २.४ वाला सावकाश, पण भिंतीतून थोडातरी पार होतो. त्याचं दुखणं वेगळं: शेजाऱ्यापाजाऱ्यांची सगळी वायफायं त्याच अरुंद बोळात कोंबलेली असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात चालतो. दोन फूट दगड-माती मात्र दोघांनाही जड जाते. त्यात तुमच्याकडचा पावसाळा. भिंत ओल धरते आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. जिन्यात बसायची वेळ जुलै-ऑगस्टात जास्त येते का, हे मुलाला विचारून बघा.

अशा घराला एक गोष्ट अनुकूल असते, ती दुकानदाराला सुचणार नाही. तुमची माडी कडीपाटाची असणार: तुळया, फळ्या आणि वर मातीचा थर. लहरींना ती वाट भिंतीपेक्षा पुष्कळ सोपी. सिमेंटच्या घरात याच्या उलट, तिथे आतल्या भिंती चार इंचांच्या आणि स्लॅबच्या पोटात सळयांची जाळी. म्हणून फ्लॅटवाल्यांचे सल्ले तुमच्या घराला लागू पडत नाहीत. तुमच्या घरात आडवं जाण्यापेक्षा वर जाणं सोपं. डबा मुलाच्या टेबलाच्या बरोबर खाली, माजघरात उंचावर ठेवता आला तर फुकटात बराच फरक पडेल. डब्यात खोचलेली काचेची पिवळी वायर (पॅचकॉर्ड) तिथवर पोचणार नाही, तेवढी लाइनमनकडून वाढवून घ्यावी लागेल. टीव्हीमागे, लोखंडी कपाटाच्या आड, आरशाजवळ, फ्रिजच्या डोक्यावर ठेवू नका. पत्र्यापुढे लहरींचं काही चालत नाही.

बाहेर अँटेना असतील तर त्याही बघा. सगळ्यांच्या असतात तशा त्या ताठ उभ्या असतील. उभ्या अँटेनातून लहरी मेदूवड्याच्या आकारात पसरतात: चारी बाजूंना गुबगुबीत आणि मधोमध, बरोबर डोक्यावर, भोक. डबा माडीखाली आणलात तर मुलगा नेमका त्या भोकात बसेल. एक अँटेना उभी ठेवा, एक आडवी करा. पैसे पडत नाहीत.

मग सहा अँटेनांचं काय? वायफाय हा दोघांमधला संवाद आहे. डब्यानं कितीही मोठ्यानं हाक मारली तरी उत्तर लॅपटॉपनं द्यायचं असतं, आणि लॅपटॉपचा आवाज आहे तेवढाच आहे. शिवाय डब्यानं किती ताकदीनं बोलावं याला सरकारी नियमाची मर्यादा आहे. अँटेना चारच्या सहा केल्या म्हणून ती हलत नाही. जास्तीच्या अँटेनांचा खरा उपयोग एकाच खोलीत पंधरा माणसं पंधरा फोन घेऊन बसली तर होतो. खोक्यावरचा आकडाही फसवा असतो. 'एसी १२००' म्हणजे एका पट्ट्याचे ३०० आणि दुसऱ्याचे ८६७ यांची बेरीज करून वर गोल केलेला आकडा. तुमच्या एकाही फोनला १२०० कधी मिळणार नाहीत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. माझ्या माहेरीही असंच जुनं घर, आणि मागच्या खोलीत वायफाय पोचत नव्हतं. मी ऑनलाइन एक एक्स्टेंडर (वायफाय ऐकून पुढे पोचवणारा छोटा डबा) मागवला आणि उत्साहानं त्याच मागच्या खोलीत लावला. त्याचा दिवा लाल तो लालच. मी तो परत पाठवला, दुसरा मागवला, दुसऱ्याचाही लाल. तिसऱ्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला: ज्याला स्वतःला ऐकू येत नाही त्याला मी निरोप पुढे सांगायला बसवलं होतं. एक्स्टेंडर लावायचा तो अर्ध्या वाटेवर, जिथे डब्याचा आवाज अजून नीट ऐकू येतो तिथे. आणि तिथे लावला तरी एकाच तोंडानं ऐकायचं आणि सांगायचं, त्यामुळे साधा एक्स्टेंडर वेग निम्म्यावर आणतो. मालिका बघायला चालेल. मुलाच्या साहेबांसमोर चालणार नाही.

माझं मत विचाराल तर पैसे वायरवर घाला. ओसरीवरच्या डब्यातून एक लॅनची वायर निघेल, जिन्याच्या कडेनं माडीवर जाईल, आणि तिथे एक छोटा, साधा राउटर बसेल. भिंतीशी झुंजायचंच नाही, तिला वळसा घालायचा. लॅनची वायर १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, तुम्हाला वीस लागतील.

वायर 'कॅट ६' मागा आणि 'प्युअर कॉपर' आहे का ते विचारा. स्वस्तातल्या पुष्कळ वायरींत आत ॲल्युमिनियम असतं आणि वरून तांब्याचा मुलामा. नखानं तार खरवडली की पांढरी चकाकी दिसते, तशी दिसली तर परत करा. दगडी भिंतीला भोक पाडायच्या फंदात पडू नका. चौकटीच्या कडेला, कडीपाटाच्या फटीत अशा घरात जागा सापडतेच. उंदरांसाठी वायर केसिंग-पट्टीतून न्या. दिव्याच्या वायरींच्या पट्टीतून मात्र नको, तिला वेगळी पट्टी. घराबाहेरून, अंगणावरून लोंबकळत तर मुळीच नको, त्याचं कारण पुढे येतंय.

वायरच्या टोकांना प्लग बसवणाऱ्या कारागिराजवळ एक छोटा टेस्टर असतो. वायर लावून झाली की तो लावायला सांगा आणि समोर उभ्या राहा. एकापासून आठपर्यंत दिवे ओळीनं लागले पाहिजेत. वायरीत आठ तारा असतात; घाईत कुणी चारच जोडल्या तरी इंटरनेट चालतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, फक्त वेग १०० एमबीपीएसवर कायमचा अडकतो. आज तुमचं ५० वर भागतंय, पण पट्टी एकदा ठोकली की दहा वर्षं कुणी उघडत नाही.

माडीवरचा राउटर विकत घेण्याआधी माळा बघा. पुण्याच्या फ्लॅटमधला जुना राउटर मुलानं बरोबर आणला असेल आणि तो कुठल्यातरी खोक्यात पडून असेल. दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असेल तर तोच लावा. नसेल तर नवा घेताना तीन गोष्टी बघा: ड्युअल बँड (दोन्ही पट्ट्यांवर चालणारा), मागची सॉकेटं गिगाबिटची (म्हणजे १००० एमबीपीएसची), आणि 'ॲक्सेस पॉइंट मोड' असल्याचं खोक्यावर लिहिलेलं. दोन-तीन हजारांत मिळतो. वायफाय ६ चा (ही वायफायची एक नवी पिढी) मिळाला तर घ्या, २०१९ नंतरच्या बऱ्याच फोन-लॅपटॉपना त्याची भाषा येते. वायफाय ७ साठी दुप्पट-तिप्पट मोजायचं तुमच्या माडीला काही कारण नाही.

मोड बदलायला विसरू नका, इथेच बहुतेकांची फसगत होते. राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक-एक नंबर वाटतो. दोन राउटर दोघंही नंबर वाटायला लागले की एका वाड्यात दोन कारभारी होतात: प्रिंटर एकाच्या वहीत, लॅपटॉप दुसऱ्याच्या, आणि दोघांची गाठच पडत नाही. ॲक्सेस पॉइंट मोड लावला की वरचा मुकाट वायफाय देण्यापुरता उरतो. जुन्या राउटरला तो मोड नसेल तर मुलानं त्यातलं 'डीएचसीपी' (हेच नंबर वाटणं) बंद करावं, खालच्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर याचा १९२.१६८.१.२ करावा आणि खालून आलेली वायर 'वॅन'मध्ये न घालता 'लॅन'च्या सॉकेटात घालावी. वायफायचं नाव दोन्हीकडे एकच ठेवा असं सगळे सांगतात. तुमच्याकडे मी वेगवेगळं ठेवीन, 'ओसरी' आणि 'माडी'. फोन चिकट असतात. खालून वर गेलात तरी खालच्या मरतुकड्या सिग्नलला धरून बसतात. नाव वेगळं असलं की कुठे जोडलंय ते तुम्हालाही दिसतं. मुलाचा लॅपटॉप तर वायफायवर ठेवूच नका, वरच्या राउटरच्या मागून हातभर वायर काढून थेट जोडा.

आता सुनेचं मेश. ती चुकलेली नाही, तिच्या डोळ्यांसमोर पुण्याचा फ्लॅट आहे एवढंच. मेशचे दोन-तीन डबे असतात आणि ते आपसात बोलून घरभर एकच वायफाय पसरतात. पण आपसात बोलतात तेही हवेतूनच, आणि मध्ये तीच दोन फुटी भिंत उभी. त्या डब्यांना आपसात वायरनं जोडलं तर काम फक्कड होतं. पण वायर टाकलीच तर मग जुना राउटरही चालला असता. घ्यायचंच ठरलं तर वायरची सोय असलेलं घ्या. आधी वायर टाकून महिनाभर बघा.

दिवे जाण्याबद्दल. घरात इन्व्हर्टर असेल तर दोन्ही डब्यांची प्लग-सॉकेटं त्याच्या लाइनीवर आहेत का बघा. ओसरीवरचं टीव्हीचं सॉकेट बहुतेक नसतं. लाइनीवर असूनही दिवे जाताना डबा बंद-चालू होत असेल तर इन्व्हर्टरच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर करा, मग तो झटकन पालटतो. इन्व्हर्टर नसेल तर राउटरसाठी पुस्तकाएवढा मिनी यूपीएस, म्हणजे छोटी बॅटरी, मिळतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवरचे बारीक आकडे वाचून जा. तिथे '१२ व्होल्ट, १ ॲम्पियर' किंवा '१.५' असं काही असेल. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, ॲम्पियर तेवढे किंवा जास्त. नऊ व्होल्टच्या डब्याला बारा देऊ नका.

वळवाच्या पावसात मात्र यूपीएसवर विसंबू नका, दोन्ही अडॅप्टर सॉकेटातून उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. टेलिफोनच्या तारेवर इंटरनेट होतं त्या काळात मे महिन्याच्या एका संध्याकाळी माझा मोडेम असा गेला. वीज घरावर पडली नव्हती, कुठेतरी दूर पडली आणि तारेवरून चालत आली. दुसऱ्या दिवशी मोडेम उघडला तर आत काळा डाग आणि वास. तुमची काचेची तार वीज वाहत नाही हे खरं, पण अडॅप्टरची तार वाहते, आणि आता वर-खाली टाकलेली लॅनची वायर तांब्याचीच. खालचा डबा भाजला तर वरच्यालाही घेऊन जाईल. अंगणावरून लोंबती वायर नको म्हटलं ते यासाठी.

सासूबाईंचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला, कारण तो सगळ्यात नाजूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरी '२ बी' गटात टाकल्या, म्हणजे धोक्याचा पुरावा मर्यादित, पण शंका पूर्ण मिटलेली नाही असा गट. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. वायफायच्या डब्याची ताकद थोडी आणि अंतराबरोबर ती झपाट्यानं घटते, दुप्पट लांब गेलात की चौथा हिस्सा उरतो. कानाला लावलेला मोबाइल याहून किती जवळ असतो! त्यामुळे डोकेदुखीसाठी आधी त्यांचं ब्लडप्रेशर आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्या. पण हे सगळं ८४ वर्षांच्या बाईंना पटवत बसू नका. त्या माजघरात झोपत असतील तर डबा माजघरात न्यायचा मी वर दिलेला सल्लाही सोडून द्या. ओसरीवरच राहू दे. वायर टाकली की त्याची गरज उरत नाही.

पण रात्री तो बंद मात्र करू नका, आणि याचं कारण वेगळं आहे. जुन्या लँडलाइनला वीज एक्स्चेंजमधून तारेवरूनच यायची, ४८ व्होल्ट, तीही तिथल्या बॅटऱ्यांवरची. म्हणून गावभर अंधार असला तरी फोन वाजायचा. तुमचा नंबर आता डब्यातून चालतो म्हणजे डबा बंद तर फोन बंद. रात्री दोन वाजता सासूबाईंनाच काही झालं आणि मोबाइलला रेंज नसली तर हाताशी तोच एक फोन असणार. यावर तोड आहे. बऱ्याच डब्यांच्या कडेला वायफायचं वेगळं बटण असतं, पॉवरच्या बटणाहून निराळं. रात्री झोपताना सासूबाईंसमोर ते दाबा. वायफायचा दिवा विझलेला त्यांना दिसेल, लहरी खरोखरच बंद होतील, आणि फोन चालू राहील. कोणालाही फसवलेलं नाही. वरचा राउटर मुलानं रात्री खुशाल सॉकेटलाच बंद करावा.

जाता जाता पासवर्ड. केबलवाले बहुतेक घरांत वायफायचा पासवर्ड म्हणून घरच्याचाच मोबाइल नंबर ठेवून जातात, आणि तुमचा नंबर दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांकडे आहे. तो बदला. डब्याच्या आतल्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला, 'डब्ल्यूपीएस' (पासवर्ड न टाकता जोडून देणारी सोय) बंद ठेवा आणि सुरक्षेच्या यादीत 'डब्ल्यूपीए २' किंवा 'डब्ल्यूपीए ३' निवडा. पाहुण्यांसाठी 'गेस्ट' नावाचं वेगळं वायफाय काढता येतं. कनेक्शन ज्याच्या नावावर, पोलीस आधी त्याचं दार वाजवतात.

आणि डब्याच्या मागे सुईएवढं एक भोक आहे, 'रीसेट' लिहिलेलं. अडलं की बंद-चालू करायचं ते पॉवरच्या बटणानं. भोकात यू-पिन घालून दाबलंत तर केबलवाल्यानं भरलेलं सगळं पुसलं जाईल आणि तो येईपर्यंत घर, फोनसकट, बंद. त्यानं भरलेलं युजरनेम आणि पासवर्ड त्याच्याकडून मागून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. तळाच्या स्टिकरचाही आजच फोटो काढून ठेवा. डबा उलटा करायला झाकण काढावंच लागेल.